अनुभव धागा: हलगीचे वस्ताद आणि त्यांची शिकवण

वस्तादांना जाऊन वर्ष होत आलं. कोल्हापूरकडच्या कितीतरी पोरांच्या हातात त्यांनी हलगी, म्हणजे गोल कड्यावर कातडं ताणलेलं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य, दिली. गुणगान पुष्कळ झालं. त्यांनी काय आणि कसं शिकवलं ते नेमकं लिहा, म्हणजे नव्या पोरांच्या कामी येईल.

कडीवाला

नव्या पोराच्या उजव्या हातात वस्ताद टिपरू, म्हणजे ठोक्याची आखूड जाड काठी, देतच नसत. आधी नुसती कामटी, म्हणजे पातळ लांब काडी, आणि तीही डाव्या हातात. बोटं कड्यावरून पुढे आलेली, कामटी कातड्यावर जवळजवळ आडवी टेकलेली; मनगट न हलवता बोटांनीच ती उचलून सोडायची. घट्ट धरली की ती कातड्यावर दाबून बसते, नाद मरतो आणि बोटाला फोड येतो.

उजवा हात काय, सगळ्यांचाच चालतो. लय चढली की डावा मागे पडतो, मधली भरणी गळते आणि उरतो नुसता ठोका. गर्दीला ते कळत नाही, वस्तादांना पाठ फिरवूनही कळायचं. मग लय निम्म्यावर आणायला लावत आणि डावा पुन्हा ऐकू येईपर्यंत वर जाऊ देत नसत.

टिपरू मिळालं की जागा दोनच. मध्यावर भरीव आवाज, कड्याजवळ कडक. अधेमधे हाणणाऱ्याला "वाजव, झोडपू नकोस" एवढंच ऐकवत.

शेकणारा

शेकणं हा त्यांचा खरा धडा. कातडं हवेतली ओल पितं, सैल पडतं, आवाज बसतो. त्यासाठी पाचट, कडबा, कागद असा भुरूभुरू पेटणारा जाळ हवा. निखाऱ्यावर धरलं तर एकाच जागी ताव बसून कातडं तिथेच करपतं. जाळापासून हातभर लांब धरून हलगी सारखी गोल फिरवायची, काठ आधी आणि मध्य शेवटी. मधूनमधून टिचकी मारून बघायची. 'टण्' आलं की बस. त्यापुढे शेकलं तर कातडं जास्तच आकसतं आणि पहिल्याच जोरकस टिपऱ्याला कड्यालगत फाटतं.

गणपतीत पाऊस असतोच. तेव्हा दोन हलग्या: एक वाजते, दुसरी शेकली जाते.

घुमकेवाला

पोराला हलगीच्या आधी साथीची वाद्यं शिकवत: घुमकं हे चर्मवाद्य आणि कैताळ ही धातूची झांज. घुमकं ठेका धरतं, हलगी त्यावर खेळते. ठेका न धरता आलेला पोरगा हलगीवर नक्की पळतो, आणि मग अख्खा ताफा त्याच्यामागे.

आखाड्यातला

कोल्हापूरच्या खासबागेसारख्या कुस्तीच्या मैदानात काय वाजवायचं, याचं त्यांचं गणित साधं होतं. सलामीला संथ, पकड लागली की चढती, डाव बसायला आला की तुटक आणि जलद, कुस्ती निकाली झाली की तिथेच तोड. नजर टिपऱ्यावर नको, पैलवानाच्या पायांवर हवी. पाय आधी हलतात, हात नंतर.

लेझमीला उलट. तिथे लय चढवायचा मोह आवरायचा. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायला क्षण लागतो. लय जलद झाली की तेवढ्यात पुढच्यांचं पाऊल पडून जातं आणि रांगा फुटतात. वादकाने पुढे न राहता रांगांच्या मध्यावर उभं राहावं, हे त्यांचंच.

हिशेबी

सुपारीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? हलगी हे बलुत्यातलं काम होतं, मातंग समाजाच्या माथी मारलेलं. वाजवायचं आणि मिळेल ते धान्य घ्यायचं. वस्तादांना ते पुन्हा व्हायला नको होतं. माणसं किती, तास किती, गाडीभाडं आणि जेवण कोणाचं, हे आधी ठरवायचं. निम्मे पैसे आगाऊ. "मानाने बोलावलंय" म्हणणाऱ्यांनाही तोच नियम. वाटणीत कैताळवाल्या पोराला मोठ्यांएवढाच वाटा. यावरून ताफ्यात कुरकुर व्हायची, पण ते बधले नाहीत.

फायबरवाला

फायबरच्या हलगीला ते नाक मुरडत, हे खरं. तिचा आवाज मोठा, पण झणझण लांबते आणि पुढचा बोल झाकून टाकते. तरी पावसात घ्यायला त्यांची हरकत नसे. बोल्ट मात्र ओळीने आवळू देत नसत: एक आवळला की त्याच्या समोरचा, दर वेळी अर्धाच आटा. ओळीने आवळले की पान (कातड्याच्या जागी ताणलेला पडदा) एका बाजूला ओढलं जातं आणि एकाच हलगीतून दोन स्वर येतात. झणझण कमी करायला आतून काठाला कापडी पट्टी चिकटवायची, बोटभर रुंद. मध्यावर चिकटवली तर भरीव आवाजच जातो.