समावेशक, समावेशित की सामावून घेणारी?

दांडियाबाजारकर
इथल्या बडोद्यातल्या एका शाळेचं माहितीपत्रक मराठी पालकांसाठी करून द्यायला घेतलंय. मूळ गुजराती. शाळा नेहमीचीच, पण यंदापासून न दिसणारी, कमी ऐकू येणारी, चाकाच्या खुर्चीवरून येणारी मुलंही त्याच वर्गांत बसणार आहेत. गुजरातीत ‘समावेशी शिक्षण’ आहे, मी ‘समावेशक शाळा’ केलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, “समावेशक म्हणजे? फीमध्ये जेवण धरून का?” पुण्याची नणंद म्हणते, तिकडे सरकारी कागदांवर ‘समावेशित शिक्षण’ असतं, तू नवीन काही काढू नकोस. शुक्रवारी छपाई. काय लिहू?

व्याकरणवेडा
समावेशित म्हणजे ज्याचा समावेश केला ते. समावेश मुलांचा होतो, शिक्षणाचा नव्हे. ‘समावेशित शिक्षण’ म्हणजे शिक्षणच कुठेतरी कोंबलं, असा अर्थ निघतो. ‘समावेशक’ ठेवा. सरकार चुकलं म्हणून आपणही चुकायचं, असा काही नियम नाही. आणि ‘समावेशी’ हा तर हिंदीचा माल.

रावपुऱ्याची मावशी
हिंदीचा माल म्हणे! बडोद्यात राहून एवढं सोवळं झेपतं का? आपण बाईंना बेन म्हणत शाळा शिकलो. महाराष्ट्रातले विशेष शिक्षक सर्रास ‘समावेशित’ म्हणतात. रुळलेल्या शब्दाला दाखला कोण मागतो?

राजवाडा इंदूर
त्याआधी तिकडे ‘अपंग एकात्म शिक्षण योजना’ होती. केंद्राची मूळ योजना 1974 ची. पण एकात्म आणि समावेशक एक नव्हे. एकात्ममध्ये मुलाला वर्गात बसवायचं आणि जमवून घ्यायचं काम त्याच्यावरच टाकायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्याख्या आहे: दोन्ही प्रकारची मुलं एकत्र शिकतील, *आणि* शिकण्या-शिकवण्याची पद्धत या मुलांच्या गरजांप्रमाणे बदलली जाईल. हा ‘आणि’ शब्दात उतरायला हवा.

रावपुऱ्याची मावशी
माझ्या धाकट्या भावाला पोलिओ. आठवीपर्यंत वर्ग तळमजल्यावर, अडचण नव्हती. नववी वर गेली. दोन मित्र मनगटात मनगट घालून पालखी करायचे नि त्याला वर न्यायचे. पावसाळ्यात एकदा तिघंही जिन्यावरून घसरले. तेव्हा हेडमास्तरांनी वडिलांना बोलावून सांगितलं, “मुलगा हुशार आहे हो, पण आमच्याकडे मावत नाही.” मावत नाही! नववी खाली आणा, असं वडिलांना सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते बोलले नसते. म्हणून मला ‘सामावून घेणारी शाळा’ बरं वाटतं. त्यात घेणारी शाळा आहे.

दांडियाबाजारकर
मावशी, हे पत्रकात घालता आलं असतं तर.

राजवाडा इंदूर
मावशींच्या बोलण्यात व्युत्पत्तीही दडलीय. ‘समावेश’मध्ये विश् आहे, म्हणजे शिरणं, प्रवेशातला तोच. जो शिरेल त्याचं कर्तृत्व. ‘सामावणे’मध्ये मावणे आहे, आणि त्यात मा, मोजणं. तिथे प्रश्न जागेचा.

व्याकरणवेडा
सुंदर, पण पुरावा? ‘सामावणे’ हे ‘समावेश’चंच तोंडी झिजलेलं रूप नसेल कशावरून? मनाला पटली की व्युत्पत्ती खरी, असं आपल्याकडे फार चालतं.

सुरसागरकाठी
कुणी सयाजीरावांचा शब्दकोश उघडलाय का? ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’, 1931, राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत. ज्यांनी 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यांना ‘सक्तीचं’ कुठल्या भाषेत कसं म्हणायचं हाही प्रश्न पडला असणारच. आपण एका शब्दावर अडलोय.

व्याकरणवेडा
1931 च्या कोशात ही कल्पना कुठून येणार?

सुरसागरकाठी
कल्पना नसेल, पण घडण शिकता येते. असो. माझं खरं भांडण ‘मुख्य प्रवाह’शी आहे. भाच्याच्या दाखल्याच्या वेळी एका कागदावर वाचलं, ‘बालकास मुख्य प्रवाहात आणणे’. आपले पेपर हे शरण आलेल्या नक्षलवाद्यांबद्दल लिहितात. माझ्या भाच्याने बंदूक कधी खाली ठेवली?

रावपुऱ्याची मावशी
😂 ‘नेहमीची शाळा’ म्हणा ने. आणि ‘दिव्यांग’वरून कुणी सुरू करू नका, माझा भाऊ स्वतःला लंगडा म्हणतो आणि दुसऱ्याने म्हटलं की चिडतो.

दांडियाबाजारकर
सगळ्यांचे आभार, पण पान चारवर नवीन घोळ. परीक्षेत ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी लिहिणारा. गुजरातीत लहियो. मराठीत?

व्याकरणवेडा
लेखनिक. यात चर्चेला जागा नाही.

राजवाडा इंदूर
लेखनिक म्हटलं की कचेरीतला कारकून दिसतो. ‘लहिया’ घ्या. लेखकाचाच घासून गोड झालेला शब्द, आणि आपल्या ‘लिहिणे’चा सख्खा भाऊ.

व्याकरणवेडा
पुण्याची नणंद ‘लहिया’ वाचून मुलाचं नाव समजेल.

रावपुऱ्याची मावशी
पत्रक बडोद्याच्या पालकांसाठी आहे, पुण्याच्या नणंदेसाठी नाही. मी स्वतः लहिया होते. नववीत असताना शेजारच्या दादाच्या दहावीला बसले. आपला लहिया आपण आणायचा तर तो खालच्या इयत्तेचा लागायचा. दादाला दिसत नव्हतं. भूमितीची आकृती तो बोटाने बाकावर काढायचा आणि मी बघून कागदावर. मराठीच्या पेपरला दर दोन ओळींनी विचारायचा, “वेलांटी दीर्घ दिलीस ना?” मी हो म्हणायचे. दिलेली नसायची. त्याला मराठीत पंचेचाळीस मिळाले, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

दांडियाबाजारकर
छापायला गेलं. वर ‘समावेशक’, आत ‘सामावून घेणारी’, पान चारवर ‘लहिया (लेखनिक)’. सासूबाई म्हणतात, जेवणाचं अजून कळलं नाही.

व्याकरणवेडा
‘लहिया’ची वेलांटी ऱ्हस्वच दिलीत ना?

रावपुऱ्याची मावशी
हो.