मदत हवी आहे: शेंगदाण्याचा ठसका, एक्स-रे नॉर्मल, तरी उजवीकडे हवा कमी

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस आहे. पेशंट 20 महिन्यांचा मुलगा. दहा दिवसांपूर्वी शेंगदाणे खाता खाता पळत होता, जोराचा ठसका लागला. पाच मिनिटं खोकला, मग पुन्हा खेळायला लागला. चौथ्या दिवसापासून खोकला आणि ताप. अँटिबायोटिकने ताप उतरला, खोकला तसाच. उजवीकडे हवा कमी जाते, श्वास सोडताना बारीक शिटी ऐकू येते, डावीकडे साफ. ऑक्सिजन 96. आणखी एक कोर्स द्यावा की पाठवावं? तोवर छातीची फिजिओथेरपी चालेल का?

प्रतिसाद: कान-नाक-घसा

आजच पाठवा. ठसक्याची हकीकत आणि एकाच बाजूची शिटी, एवढ्यावर श्वासनलिकेत दुर्बीण घालायचं ठरतं. मधले तीन दिवस मूल बरं होतं म्हणून निर्धास्त होऊ नका. दाणा श्वासनलिकेच्या एका फांदीत जाऊन बसला की सुरुवातीचा खोकला थांबतो, हे नेहमीचंच.

शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दिसली तर कोंडलेली हवा दिसते. श्वास घेताना नळी रुंदावते, हवा दाण्याच्या कडेने आत जाते. सोडताना नळी आवळते आणि हवा अडकते. म्हणून श्वास घेतलेल्या क्षणाची फिल्म साफ येऊ शकते. एवढ्या लहानग्याला ‘श्वास सोड’ सांगून उपयोग नाही, त्यामुळे दोन्ही कुशींवर झोपवून फिल्म काढतात. खालचं फुप्फुस दबायला हवं. उजव्या कुशीवर उजवं फुगलेलंच राहिलं, तर दाणा तिथेच आहे. पण याही फिल्म नॉर्मल आल्या तरी या मुलाचा निर्णय बदलत नाही, त्यांच्यासाठी थांबू नका.

दाणा ओलाव्याने फुगतो, मऊ होतो, त्याच्या तेलाने नळीचं अस्तर सुजतं. जितका उशीर, तितका चिमट्यात तुकडे होण्याचा आणि रक्त येण्याचा धोका. एक तुकडा निघाला तरी पुन्हा आत जाऊन दोन्ही बाजू बघाव्याच लागतात.

प्रश्नकर्ता

धन्यवाद सर. प्रवास दोन तासांचा आहे. काय सांभाळू?

प्रतिसाद: भूलतज्ज्ञ

फिजिओथेरपी अजिबात नको. पाठ थोपटून दाणा हलला आणि मुख्य श्वासनलिकेत किंवा स्वरयंत्रात अडकला, तर दोन्ही फुप्फुसं एकदम बंद. झोपेचं औषधही नको. आईच्या मांडीवर बसवूनच न्या, सोबत ऑक्सिजन आणि प्रशिक्षित माणूस हवा. 108 ला हकीकत सांगून गाडी मागवा. निघाल्यापासून तोंडाने काही देऊ नका. शेवटचं खाणं किंवा वरचं दूध किती वाजता घेतलं ते चिठ्ठीत लिहा, स्थिर मुलात भूल देण्याआधी आम्ही 6 तास पोट रिकामं धरतो. धाप वाढली तर तेवढंही थांबत नाही.

आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: लहान मुलांची न वाकणारी दुर्बीण आणि चिमटा आहे का, मुलांना भूल देणारा डॉक्टर हजर आहे का, नंतर मुलांचं आयसीयू मिळेल का. या वयाला बहुधा 3.5 नंबरची दुर्बीण लागते, 3 नंबरची हाताशी ठेवतात.

वाटेत खोकला, रडणं चालू असेल तर हात लावू नका. आवाज बंद, खोकला बंद, ओठ निळे झाले तर पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने 5 फटके, मग बेंबीच्या वर 5 दाब, आळीपाळीने. शुद्ध हरपली तर लगेच सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं). तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, दाणा आणखी खाली जातो.

प्रतिसाद: कान-नाक-घसा

त्याच डब्यातले चार-सहा दाणे पुडीत बांधून सोबत द्या. अख्खा होता की फोडलेला, भाजलेला की कच्चा, हे कळलं की चिमटा आधीच त्याच्यावर लावून बघता येतो.