फिजिओथेरपी की कायरोप्रॅक्टिक? शिकवतात काय आणि रोजचं काम काय असतं?

टाचदुखी
नमस्कार मंडळी. आधी शोधून बघितलं, पण दुखणं कसं घालवायचं यावरच धागे आहेत, शिकण्याबद्दल काही सापडलं नाही म्हणून नवीन काढतोय. भाचीच्या डोक्यात सध्या ते मान फिरवून कट्ट आवाज काढणाऱ्यांचे, म्हणजे कायरोप्रॅक्टिकवाल्यांचे व्हिडिओ बसलेत, माणूस वाकडा होऊन येतो, तो गडी दोन झटके देतो, माणूस हसत उठतो, झालं, मामा मला हेच करायचंय. घरच्यांचं म्हणणं मग सरळ फिजिओथेरपीच कर, ते निदान सगळ्यांना माहीत तरी आहे. मत मला विचारतायत आणि मला माझ्या टाचेपलीकडे काही कळत नाही. तर दोन्हींत नक्की फरक काय, शिकायला किती, मशीन लावणे आणि मालिश याच्यापुढे त्यात काही असतं का, आणि पोरगी अंगाने अगदी किरकोळ आहे तर तिला हे झेपेल का, ते जाणकारांनी सांगावं. उपदेश नको, तो घरात भरपूर चाललाय.

गोनिओमीटर
मी फिजिओ आहे, बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये, त्यामुळे माझी बाजू कुठली ते नावावरून कळेलच (गोनिओमीटर म्हणजे सांधा किती वाकतो ते मोजायची पट्टी).

मालिशचा विषय आधी संपवतो. १८९४ साली लंडनमध्ये चार नर्सनी मिळून मालिश करणाऱ्या प्रशिक्षित बायकांची संस्था काढली, कारण तेव्हा मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालायचे आणि यांना आपलं काम त्यापासून वेगळं दाखवायचं होतं. त्याच्याही आधी १८१३ मध्ये पेर हेन्रिक लिंग याने स्टॉकहोममध्ये व्यायाम शिकवणारी संस्था सुरू केली होती. म्हणजे मालिश आणि व्यायाम दोन्ही पहिल्यापासून आहेत, पण आज अभ्यासक्रमात मालिशचा वाटा अगदी थोडा.

सुरुवातीला शरीररचना. प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, त्याला कुठली नस, तो काय हलवतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. मग हालचालींचं शास्त्र, आजारांचा अभ्यास, व्यायाम कसा ठरवायचा, आणि हो, मशिनीही. प्रॅक्टिकलला पोरं एकमेकांवरच शिकतात, तेव्हा शॉर्ट्स घालून टेबलावर झोपायची लाज पहिल्या काही आठवड्यांत जाते. स्नायूची ताकद ० ते ५ अशी मोजायची असते, ऐकायला सोपं वाटतं. पण समजा अर्धांगवायूचा पेशंट आहे, बसवून गुडघा सरळ करा म्हटलं तर पाय हलत नाही, नातेवाईक म्हणतात पाय गेला. त्याच माणसाला कुशीवर वळवा, पायाला खालून आधार द्या म्हणजे पायाचं वजन त्याला उचलावं लागत नाही, आणि आता सांगा सरळ करा. हळूहळू पूर्ण सरळ होतो. हा ग्रेड २. बसून वजनाविरुद्ध जमलं की ३. कागदावर एका आकड्याचा फरक आहे, पण उद्यापासून त्याला कुठला व्यायाम द्यायचा ते सगळं या आकड्यावर ठरतं.

नंतर वॉर्डातल्या पोस्टिंग्ज. अस्थिरोग, मेंदू आणि नसा, लहान मुलं, हृदय-फुप्फुसं, आयसीयू. आयसीयू ऐकून सगळे चमकतात. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या छातीतला कफ सुटायला मदत करणं, त्याला कधी बसवायचं, कधी उभं करायचं, हे फिजिओचंच काम आहे. बहुतेक देशांत पदवी तीन ते पाच वर्षांची, अमेरिकेत मात्र पदवीनंतर आणखी साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट आणि वर लायसन्सची परीक्षा.

आणि एक. गुडघा बदलल्यावर लोक गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतात कारण बरं वाटतं, आणि सगळ्यांचं लक्ष किती वाकतो याकडे. तो पूर्ण सरळ होतोय का हे कोणी विचारत नाही. राहिला थोडा वाकलेला, तर चाल कायमची लंगडी. आमचा निम्मा दिवस ती उशी काढण्यात जातो, तुम्ही वॉर्डातून बाहेर पडलात की ती परत तिथेच.

वाकडी_मान
वरचं सगळं छान आहे पण मला जिथे पाठवलं होतं तिथे रोज पॅड लावून झोपवायचे, टायमर वाजला की उठा, उद्या या. व्यायामाचा कागद शेवटच्या दिवशी दिला. मग यासाठी इतकी वर्षं शिकायचं कशाला हा प्रश्न मला खरंच पडलाय.

गोनिओमीटर
@वाकडी_मान पडायलाच पाहिजे. डब्ल्यूएचओने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं), टेन्स (पॅड लावून हलका करंट देणं), अल्ट्रासाउंड (तपासणीचं नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार), कमरेचे पट्टे हे सरसकट वापरू नका असंच म्हटलंय, आणि व्यायाम, समजावून सांगणं यांच्या बाजूने शिफारस आहे. मशीन लावलं की फिजिओला एका वेळी चार पेशंट बघता येतात, हे खरं कारण. आमच्याच लोकांना झोंबेल, झोंबू दे.

पाठीराखा
कायरोप्रॅक्टिकच्या बाजूने कोणी येईना म्हणून मीच येतो. शिक्षण तेच घेतलंय, काम एका पुनर्वसन केंद्रात, शेजारच्या टेबलावर फिजिओ.

सुरुवात डी. डी. पामर, १८९५, अमेरिकेत आयोवातलं डॅव्हनपोर्ट. तो डॉक्टर नव्हता, चुंबकाने बरं करायचे प्रयोग करायचा. मणका सरकलाय म्हणून नस दबते आणि त्यातून झाडून सगळे आजार होतात, अशी त्याची कल्पना. सगळे आजारवालं हे प्रकरण आज टिकत नाही आणि चांगल्या कॉलेजात ते इतिहास म्हणूनच शिकवतात. पण आमच्यात अजून दोन तट आहेत, एक पुराव्यावर चालणारा आणि एक पामरची पोथी वाचणारा. भाचीने कॉलेज निवडताना फीच्या आधी हे बघावं.

शिक्षणाबद्दल, डब्ल्यूएचओच्या २००५ च्या तत्त्वांप्रमाणे पूर्ण शिक्षण म्हणजे निदान चार वर्षं, ४२०० तास, त्यात १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंट बघणं. शरीररचना, नसांची तपासणी, एक्स-रे वाचणं, निदान, हे सगळं त्यात येतं. व्हिडिओत दिसतो तो झटका शिकायला वेळ लागतो तो हाताच्या जोरासाठी नाही. सांधा नेमका त्या टोकाला नेऊन, आजूबाजूचे सांधे आवळून, तिथून अगदी थोडकं अंतर पण पटकन, एवढंच करायचं असतं. पहिले कित्येक महिने झटका देऊच देत नाहीत, फक्त पकड आणि उभं राहणं, आणि शिक्षक येऊन तुमची कोपरं हलवून जातात.

आवाजाचं सांगायचं तर हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होतो, वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज, २०१५ मध्ये एमआरआयखाली बोट ओढून हे बघितलं गेलंय. त्यामुळे आवाज आला म्हणजे काम झालं असं काही नाही, आणि नाही आला म्हणून परत परत मोडायचंही नाही. हे पेशंटला पटवणं झटक्यापेक्षा अवघड, तो पैसे आवाजाचे देतोय अशा थाटात बसलेला असतो.

शंकासुर
सगळं गोड गोड चाललंय. मानेला झटका दिल्याने रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो हे कोण सांगणार?? आणि त्या पोरीला हे शिकायला पाठवायचं?

पाठीराखा
@शंकासुर सांगतो ना, कोण पळून चाललंय. मानेतल्या धमनीच्या भिंतीला चीर जाणं आणि त्यातून स्ट्रोक, ही नोंदलेली गोष्ट आहे. दुर्मिळ आहे पण आहे. वाद आहे तो कारणावर, कारण ही चीर आपोआपही जाते आणि तेव्हा पहिली तक्रार मानदुखी आणि डोकेदुखीच असते, म्हणजे माणूस आधीच ती घेऊन आमच्या दारात आलेला असू शकतो. पण पेशंटच्या दृष्टीने दोन्हीचा अर्थ एकच, त्या मानेला हात लावायचा नाही. अशी मान कधीच दुखली नव्हती म्हणणारा, एकाचे दोन दिसणारा, बोलताना जीभ जड होणारा, चालताना झोक जाणारा, चेहरा बधिर झालेला, असा कोणी आला तर टेबलावर न घेता थेट इमर्जन्सीत. हाडं ठिसूळ झालेले, स्टेरॉइड बरेच दिवस घेतलेले, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेले, आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले, यांनाही झटका नाही. परीक्षेत यावरच जास्त मुलं गळतात.

गोनिओमीटर
शंकासुरांच्या मुद्द्यात तथ्य आहे पण नेम चुकलाय. असा झटका बऱ्याच देशांत फिजिओही देतात, आमच्याकडे सांधा हलवायच्या पायऱ्या असतात, हलक्या हाताच्या चार, आणि पाचवी म्हणजे तोच झटका. त्यामुळे कायरो म्हणजे झटका आणि फिजिओ म्हणजे व्यायाम अशी भिंत प्रत्यक्षात नाही. वर म्हटलेल्या २०२३ च्या तत्त्वांत कंबरेसाठी हाताने मणक्याला दिलेले उपचारही शिफारशीत आहेत, बाकीच्या गोष्टींच्या जोडीला.

कंबरेचंही एक लिहून ठेवतो, इथे बरेच कंबरवाले वाचतात. बसताना खोगीर टेकेल तेवढा भाग, म्हणजे बूड आणि मांड्यांची आतली बाजू, बधिर होणं, लघवी अडणं किंवा कळेनाशी होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं, यातलं काही असेल तर फिजिओही नको आणि कायरोही नको, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि उलट बाजूने, एमआरआयमध्ये डिस्क झिजलीय लिहून आलं म्हणून हाय खाऊ नका. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले तेव्हा विशीतल्यांत ३७ टक्के आणि ऐंशीतल्यांत ९६ टक्के लोकांत झीज सापडली.

सरळ_बस
किरकोळ अंगाचा प्रश्न सगळ्यांनी सोडूनच दिला म्हणून लिहिते. मी पण तशीच आहे आणि मेंदू-नसांच्या वॉर्डात काम करते, माझ्या दुप्पट वजनाची माणसं रोज खाटेवरून खुर्चीत नेते. उचलत नाही, कोणीच उचलू नये. खाटेची उंची आधी नीट करायची, पेशंटला कडेला आणायचं, त्याची पावलं मागे, त्याचा जो गुडघा दगा देईल त्याच्यासमोर आपला गुडघा लावायचा, आणि त्याला पुढे वाकायला सांगायचं. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की बूड आपोआप सुटतं. लोक पुढे वाकायला घाबरतात कारण पडू असं वाटतं, म्हणून मागे रेलतात आणि मग ओढाओढी. आणि नातेवाईक काय करतात, लुळ्या हाताला धरून ओढतात. तो खांदा आधीच सैल झालेला असतो हो, मग पुढे महिनोन् महिने दुखतो. दिवसातून किती वेळा हे सांगते त्याला गणती नाही.

झिजतं काय म्हणाल तर अंगठे. हाताने सांधे हलवणाऱ्यांचे अंगठे सगळ्यात आधी कुरकुरतात, म्हणून पहिल्यापासून तळहाताची कड, कोपर, शरीराचं वजन वापरायची सवय लागली पाहिजे, टेबल खाली घ्यायला आळस केला की संध्याकाळी आपलीच कंबर धरते.

बाकी मला विचाराल तर ताकदीपेक्षा बोलायची चिकाटी हवी. घरी व्यायाम केला का विचारलं की सगळे हो म्हणतात. मी विचारत नाही, म्हणते करून दाखवा. दोन सेकंदांत कळतं. आणि लिहिणं! प्रत्येक पेशंटचं, काय मोजलं, काय दिलं, काय बदललं, यात दिवसाचा बराच वेळ जातो, व्हिडिओत ते कोणी दाखवत नाही.

टाचदुखी
वा, इतकं येईल असं वाटलं नव्हतं, सर्वांचे आभार. भाचीला धागा पाठवला. तिला विचारलं काय ठरलं तर म्हणे आधी कुठेतरी जाऊन बघते. बघायला जायचं तर नक्की काय बघायचं? आणि तिचा एकच प्रश्न आलाय, भौतिकशास्त्र लागतं का, ते तिला अजिबात आवडत नाही.

पाठीराखा
पहिल्यांदा आलेल्या पेशंटचं सेशन बघायला मिळालं तर बघ म्हणावं, परवानगी घेऊन अर्थातच. हात लावायच्या आधी किती वेळ नुसते प्रश्न आणि तपासणी चालते ते बघ. पहिल्याच भेटीत एक्स-रे आणि वर्षभराचं पॅकेज गळ्यात मारत असतील तर तिथे काही शिकायला मिळणार नाही. आणि जिथे पुढे काम करायचंय त्या देशात नोंदणी कशी होते ते आधी तपास, फिजिओला बहुतेक ठिकाणी रस्ता तयार आहे, आमचा व्यवसाय काही देशांत कायद्यात आहे, काही ठिकाणी अजून नाही. मी तिच्या जागी असतो तर कुठलं निवडलं असतं हे याच एका गोष्टीवर ठरवलं असतं.

गोनिओमीटर
भौतिकशास्त्र लागतं, पण गणितं सोडवायला नाही. उदाहरण देतो. एका पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन खुब्यापासून लांब पडतं आणि तोल धरणारा स्नायू खुब्याच्या अगदी जवळून ओढतो, म्हणून त्याला फार जोर लावावा लागतो आणि सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. काठी विरुद्ध हातात घेतली की तो हात खुब्यापासून लांब असतो, त्यामुळे काठीवर थोडंसं दाबलं तरी त्या स्नायूचं बरंच काम वाचतं. दुखऱ्या बाजूलाच धरली तर हा फायदा जवळजवळ जातो. हे कळलं तर पुरे.

टाचदुखी
थांबा थांबा, आमची आई दुखऱ्या बाजूलाच धरते काठी. उजवा खुबा, उजव्या हातात.

सरळ_बस
डाव्या हातात द्या. काठी आणि उजवा पाय एकदमच पुढे टाकायचे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा आधी. उंची पण बघा, उभं राहून हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, आणि खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर ते आजच बदला.