जुलैमधील पोलंड: हंगामी फळांचे गोड पाव आणि केक कुठे व कसे शोधावेत?

सह्यवाटा:
नमस्कार. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी आई पोलंडला जात आहोत. ग्दान्स्क, वॉर्सा, क्राकूव आणि शेवटी झाकोपाने असा क्रम ठरला आहे. संग्रहालये, किल्ले, जुनी चर्चे यांची माहिती हवी तेवढी मिळते. परंतु तिथल्या बेकऱ्यांमध्ये ताज्या फळांचे जे गोड पाव आणि केक त्या त्या हंगामापुरतेच होतात, त्यांविषयी मराठीत फारसे काही वाचायला मिळाले नाही. वर्षभर कुठेही मिळणारे पदार्थ आम्हाला नको आहेत. आम्ही तिथे असू तेव्हा झाडावर किंवा रानात जे पिकलेले असेल, तेच खायचे आहे. जुलैमध्ये कोणते फळ शोधावे आणि चांगला पाव विकत घेण्याआधी कसा ओळखावा, हे जाणकारांनी सांगावे. आई दूध-लोणी खाते, पण अंडे खात नाही, हेही कृपया लक्षात घ्यावे.

वॉर्सानिवासी:
आपण अगदी योग्य वेळी जात आहात, कारण पोलंडमधील रानबेरीचा, म्हणजे 'चार्ना यागोदा'चा हंगाम साधारण त्याच सुमारास सुरू होतो आणि हवामान साथ देईल तसा ऑगस्टपर्यंत चालतो. तिथे मे महिन्यात रबार्बरचे आंबट देठ येतात, जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैमध्ये रानबेरी आणि आंबट चेरी, ऑगस्टच्या अखेरीपासून 'व्हेंग्येर्का' नावाचे लांबट, गडद निळे आलुबुखार आणि त्यानंतर सफरचंदे. बेकरीच्या काचेआड याच क्रमाने पाव बदलत जातात. म्हणून मी प्रसिद्ध दुकानांची यादी देत नाही; आधी फळ ठरवावे, दुकान त्यामागोमाग सापडते.

जुलैचा राजा म्हणजे 'यागोजांका'. यीस्टने फुगवलेल्या, दूध-लोणी-अंडे घातलेल्या मऊ कणकेत मूठभर रानबेरी भरून हा पाव भाजतात. वर साखरेचा पातळ लेप असतो किंवा लोणी, साखर आणि मैदा चोळून केलेला 'क्रुशोन्का' नावाचा कुरकुरीत चुरा. चांगल्या यागोजांकेत कणीक हे निमित्त असते आणि फळ हाच ऐवज. पहिल्या घासाला आत जवळजवळ काळा, जांभळट रस दिसावा, त्यात छोटी छोटी अख्खी फळे हाताला लागावीत आणि रस बोटांवर ओघळावा. जांभळे खाल्ल्यावर होते तशी जीभ रंगली, तर फळ खरे आहे असे खुशाल समजावे.

ही खूण इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, शेतात लावलेली मोठी, निळी 'अमेरिकन' ब्लूबेरी भरलेले पावही सर्रास विकले जातात. तिचा गर आतून फिकट, हिरवट-पांढरा असतो, चव गोड पण सौम्य असते आणि भाजल्यावर तो गडद रस सुटत नाही. रानबेरीचे झुडूप गुडघ्याच्याही खाली राहते, त्याची शेती होत नाही आणि फळे जंगलात वाकून वेचावी लागतात. किंमत त्यामुळेच जास्त असते आणि ती द्यावी असे मला मनापासून वाटते. काही ठिकाणी आतले सारण गुळगुळीत, जॅमसारखे लागते. तो डब्यातला माल असतो. तसा पाव जानेवारीतही मिळेल. रस कणकेत मुरू नये म्हणून फळात थोडे बटाट्याचे स्टार्च घालतात, तो मात्र दोष नव्हे. अनेक दुकाने एक पाव कापून दर्शनी ठेवतात. तसा नसेल, तर एकच घ्यावा, दुकानाबाहेर तोडून पाहावा आणि पटले तर पुन्हा आत जावे.

वेळ सकाळचीच ठेवावी. भर हंगामात नावाजलेल्या दुकानांत दुपारपर्यंत ताटे रिकामी होतात.

दूधलोणी:
आपल्या आईंच्या दृष्टीने थोडे लिहितो, कारण मीही अंडे खात नाही. वर उल्लेखलेल्या गोड पावांच्या कणकेत अंडे बहुतेक वेळा असतेच, शिवाय पृष्ठभागाला चकाकी यावी म्हणूनही ते लावतात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अंडे, दूध, गहू यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती विक्रेत्याने देणे बंधनकारक आहे, त्यामुळे विचारण्यात संकोच बाळगू नये. परंतु डुकराची चरबी आणि जिलेटिन हे घटक त्या यादीत येत नाहीत, म्हणून ते वेगळे विचारावे लागतात. 'पोंच्की' हे तळलेले गोळे परंपरेने चरबीत तळत असत आणि काही ठिकाणी आजही तळतात. फळांवर पारदर्शक जेलीचा थर दिलेले थंड केक दिसायला फार सुरेख असतात, पण त्या जेलीत सहसा जिलेटिन असते. मोबाइलवर 'स्मालेत्स' आणि 'झेलातिना' हे दोन शब्द पोलिश लिपीत लिहून ठेवले, तर काम सोपे होते.

मोठ्या शहरांत 'व्हेगान्स्का' अशी पाटी असलेल्या बेकऱ्या आहेत आणि हंगामात तिथेही यागोजांका होते. लोण्याची चव तिच्यात नसते, पण फळ तेच असते, आणि अंडे न खाणाऱ्याला ते निश्चिंतपणे खाता येते. दुसरा मार्ग माझ्या मते अधिक चांगला आहे: रानबेरी भरलेले 'प्येरोगी'. ही उकडलेली करंजी मैदा आणि गरम पाणी एवढ्यावरही होते, वर साखर घातलेली आंबट साय असते आणि 'बार म्लेच्नी' म्हणवणाऱ्या साध्या, स्वस्त खाणावळींत ती हंगामात मिळते. काही जण कणकेत अंडे घालतात, त्यामुळे तेवढे विचारून घ्यावे. बेकरीतला पदार्थ नसला, तरी फळाचा खरा स्वाद इथे पावापेक्षाही स्वच्छ लागतो.

तात्रावाट:
वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. फक्त सफरचंदासाठी शरद ऋतूचीच वाट पाहावी लागते, असा समज व्हायला नको. 'पाप्येरुफ्का' नावाचे फिकट पिवळसर, पातळ सालीचे आंबट सफरचंद जुलैमध्येच पिकते. ते फार टिकत नाही, म्हणून मोठ्या दुकानांत कमी दिसते, पण आठवडी बाजारात आणि घरगुती केकमध्ये भेटते. क्राकूवमध्ये जुन्या शहराच्या उत्तरेला 'स्तारी क्लेपाश' हा बाजार आहे. तिथे सकाळी आधी फळांच्या गाड्यांवर काय आले आहे ते पाहावे आणि मग जवळच्या बेकऱ्यांत त्याच फळाचा पाव शोधावा. वॉर्सात हेच काम 'हाला मिरोव्स्का'च्या आसपास करता येते. इतरत्र 'बोरुफ्का' म्हणजे सहसा ती मोठी अमेरिकन ब्लूबेरी, पण क्राकूवच्या भागात रानबेरीलाच 'बोरुफ्का' म्हणतात, त्यामुळे पाटीवर तो शब्द दिसला म्हणून पुढे जाऊ नये. आतला रंग पाहावा.

झाकोपानेला जाणारच आहात, तर तात्रा पर्वतातील पाच तळ्यांच्या दरीतील निवारागृह विसरू नये. समुद्रसपाटीपासून 1671 मीटरवर असलेले हे पोलंडमधील सर्वांत उंचावरचे पर्वतीय निवारागृह आहे आणि तिथली 'शार्लोत्का', म्हणजे सफरचंदाचा केक, गिर्यारोहकांमध्ये प्रसिद्ध आहे. चढ बराच आहे, आईंच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवावे. वाटेत रानबेरीची झुडपे दिसतील, परंतु राष्ट्रीय उद्यानात ती तोडायला मनाई आहे.

ग्दान्स्कजवळच्या काशुबिया प्रदेशातील स्ट्रॉबेरीला 2009 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उत्तरेकडे हंगाम थोडा उशिरापर्यंत चालतो, त्यामुळे प्रवासाच्या सुरुवातीला स्ट्रॉबेरीचा यीस्टवाला केक मिळण्याची चांगली शक्यता आहे. स्ट्रॉबेरीला पाणी फार सुटते, म्हणून तो त्याच दिवशीचा असावा.

सह्यवाटा:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला प्येरोगीची कल्पना फार आवडली. एकच शंका उरली आहे. वॉर्सातला आमचा एक दिवस रविवार आहे आणि तिथे रविवारी दुकाने बंद असतात असे वाचले. क्राकूवला जाताना रेल्वेत पाव सोबत नेता येतील का?

वॉर्सानिवासी:
2018 पासून रविवारच्या व्यापारावर निर्बंध आहेत हे खरे, परंतु बेकऱ्या आणि मिठाईची दुकाने यांना त्यातून सूट आहे. उघडायचे की नाही हे मालक ठरवतो आणि अनेक जण लवकर बंद करतात, म्हणून नऊच्या सुमारास बाहेर पडावे. रेल्वेत न्यायचे असल्यास साखरेच्या लेपाऐवजी चुरा असलेला पाव घ्यावा, कारण लेप कागदाला चिकटतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, वरचा चुरा मऊ पडतो. सोबत ओले रुमाल ठेवावेत आणि पांढरे कपडे त्या दिवशी टाळावेत, कारण या फळाचा डाग सहजासहजी निघत नाही.