इटलीतल्या डोंगरगावात बुरूज आहे, मग तट कुठाय?

माणदेशी_मिस्त्री: दहिवडीत तीस वर्षं गवंडीकाम करतोय. पोरगी इटलीत, लाक्विलाला शिकती. तिनं सांतो स्तेफानो दि सेसानिओ नावाच्या गावाचे फोटो धाडलेत. सगळं दगडी, घराला घर चिकटलेलं, माथ्यावर गोल बुरूज. पण तट काय दिसंना. आन् वेशीवर म्हणं फ्लोरेन्सच्या मेदिची सावकारांचं चिन्ह. एवढ्या आडरानात त्यांचं काय पुरलं होतं?

वाईचा_वाटसरू: तट आहे मिस्त्री, तुम्ही त्यालाच घरं समजताय. बाहेरच्या रांगेतल्या घरांच्या पाठभिंती एकमेकींना भिडवल्या, की झाला तट. म्हणून त्या अंगाला खिडक्या कमी आणि बारक्या. आतल्या काही बोळांवर कमानी आहेत. उंची सुमारे १२५० मीटर, कासएवढीच म्हणा, पण तिथं बर्फ पडतो. झाकलेला बोळ तेव्हा कामाला येतो.

सावकारांचं म्हणाल तर, लोकर. १५७९ साली फ्रान्चेस्को मेदिचीनं ही जहागीर विकत घेतली. इथली काळी भरड लोकर, ‘कार्फान्या’, सैनिकांच्या आणि मठातल्या साधूंच्या कपड्यांना जायची.

खटावचा_मेंढका: काळी भरड? ही तर आपल्या म्हसवडच्या घोंगडीचीच की! आमचा आजा दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा घेऊन कुंभार्ली घाटानं कोकणात उतरायचा. भाताच्या खाचरात मेंढरं बसवायची, बदल्यात भात घ्यायचं, पावसाआधी माघारी. ती लोकं कुठं उतरत्यात?

वाईचा_वाटसरू: दक्षिणेकडच्या पुलिया प्रांतात, फोज्जाच्या मैदानात उतरायची. आपल्याकडं चाऱ्यापायी जातात, तिकडं बर्फापायी जायचे. लाक्विला ते फोज्जा मेंढरांची वाट २४४ किलोमीटर लांब आणि १११ मीटर रुंद. १४४७ पासून नेपल्सचा राजा त्यावर चराईचा कर घ्यायचा, त्याचं वेगळं खातंच होतं. १८०६ मध्ये ते मोडलं, पुढं मैदानं नांगराखाली गेली आणि डोंगरातली गावं ओस पडली. आता गावात शंभराच्या आसपास माणसं.

माणदेशी_मिस्त्री: १११ मीटर! हितं मेंढरं डांबरीच्या कडंला आली तरी ट्रकवाला हॉर्न सोडत नाही.

पोरीशी बोललो आत्ताच. तो बुरूज २००९ च्या ६ एप्रिलच्या भूकंपात कोसळला होता, फोटोत दिसतोय तो परत बांधलेला. मला जुनाच वाटला. जुन्या-नव्याचा सांधा मला ओळखू येऊ नये म्हणजे काय! तिला सांगितलंय, परत गेलीस की अगदी जवळनं, दगडांमधल्या दरजा दिसतील असा फोटो काढ.