अनुभव धागा : पिकअपचा सायलेन्सर सडला, तुम्ही कोणता बसवलात?

धागाकर्ता (होटगी रोड, सोलापूर)
मंडळी, घरची बोलेरो पिकअप आहे, बीएस४, म्हणजे २०२०च्या आधीच्या प्रदूषण नियमांची. हंगामात कांदा घेऊन मार्केट यार्ड, एरवी अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींची गठडी. मफलरचा, म्हणजे सायलेन्सरच्या डब्याचा, खालचा पत्रा पार गेलाय, पाना नुसता टेकवला तरी आत जातो. आधीची दोन ठिगळं आहेतच. आता वेल्डिंगवाला म्हणतो, "मालक, जोडायला पत्रा तरी शिल्लक पाहिजे की!"

समोर तीन वाटा आहेत. कंपनीचा घ्यायचा, बाजारातला लोकल घ्यायचा, नाहीतर एसएसमध्ये, म्हणजे स्टेनलेस स्टीलमध्ये, बनवून घ्यायचा. भाव दुकानदार सांगेलच. ज्यांनी बसवून वापरलाय त्यांनी लिहा, टिकला किती, आवाज कसा, ॲव्हरेजवर काही फरक पडला का, पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) कुणी अडवलं का. छोटा हत्ती, दोस्त, योद्धा, डी-मॅक्स, सगळे या.

बाळे_ट्रान्सपोर्ट
लोकल बसवला होता. दिसायला हुबेहूब कंपनीचा, पैसे निम्म्याहून कमी. खोट निघाली ती मफलरमध्ये नाही, सायलेन्सर टांगायच्या हँगरच्या कड्यांमध्ये. कडी दोन बोटं मागे होती, फिटरने रबर ताणून अडकवलं आणि "बसला बघा" म्हणाला. बसला खरा, पण सगळा ताण पुढच्या फ्लेक्सिबलवर (पाइपातल्या लवचीक तुकड्यावर) आला. मोहोळकडच्या एका स्पीड ब्रेकरवर फ्लेक्सिबल उसवला आणि गाडी बुलडोझरसारखी ओरडत घरी आली. दुकानदाराने हात वर केले.

तेव्हापासून आमच्याकडे एकच पद्धत. जुना सायलेन्सर काढून जमिनीवर ठेवायचा, नवा त्याच्या शेजारी. फ्लँजची भोकं, बेंडचा कोन, कड्यांची जागा, सगळं जुळलं तरच पैसे. न जुळला तर तिथेच परत. जुना आधी भंगारात टाकून मोकळे होऊ नका.

जुना_मिस्त्री
वरच्या भावाने बरोबर लिहिलंय, त्यात एक भर. फ्लेक्सिबल वारंवार तुटत असेल तर आधी इंजिनची फाउंडेशन रबरं बघा. रबर दबून गेलं की इंजिन रेस केल्यावर जास्त हलतं आणि तो हेलकावा फ्लेक्सिबल खातो. मग सायलेन्सर कितीही भारी घ्या, तुटणारच.

आता सडण्याबद्दल. लोकांना वाटतं चिखलपाण्याने सडतो. चिखल हातभार लावतो, पण मफलर सडतो तो बहुतेक आतून. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी पुरेशी तापली नाही तर ती वाफ मागच्या थंड डब्यात पाणी होऊन साठते. डिझेलमधल्या गंधकाने त्या पाण्याला आम्लाचा गुण येतो. म्हणून यार्ड ते गोडाऊन असे चार-चार किलोमीटरचे हेलपाटे मारणाऱ्या गाडीचा डबा लवकर जातो, आणि रोज हैदराबाद रोडला पळणारीचा टिकतो. बीएस४च्या डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ५० भाग) चालायचं, १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमचं मिळतं. तेवढा फरक पडलाच, पण पाणी काही थांबलेलं नाही.

मफलरच्या तळाशी बारीक भोक असतं, पाणी गळायला. काही लोक ते गळती समजून वेल्डिंगने बुजवतात. नवीन घेताना ते भोक आहे का बघा, आणि बसवताना खालच्या बाजूलाच येऊ द्या.

एसएसचं म्हणाल तर "एसएस आहे" एवढ्यावर विश्वास नको. ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतो, वरून तांबूस गंजही धरतो, पण पत्रा लवकर खात नाही. गाड्यांच्या कारखान्यातही हाच जास्त वापरतात. ३०४ला चुंबक जवळपास चिकटतच नाही, तो गंजाला आणखी दाद देत नाही, पण महाग. दुकानात ३०४चे पैसे सांगत असतील तर खिशात चुंबक घेऊन जा. पत्रा १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, १८ गेज म्हणजे १.२. सायलेन्सर हातात धरून वजन बघितलं तरी अर्धं कळतं. डब्याला बोटाने टिचकी मारा, आतली जाळी खुळखुळली तर ठेवून द्या.

मोदीखान्याचा_पोरगा
खिशात चुंबक घेऊन दुकानात गेलो तर आमचा दुकानदार चहा पाजायचा बंद करेल बे 😄

दूधगाडी_मोहोळ
आमची बीएस६. सकाळी गावोगावी थांबत थांबत दूध गोळा करायचं, त्यामुळे गाडी तापतच नाही. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागायचा, गाडीचा जोर पडायचा. एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, "आतला माल काढून पोकळ करू, सॉफ्टवेअर मारू, कायमची कटकट गेली." आमच्या थोरल्यांनी तिथूनच गाडी फिरवली.

धागाकर्त्याची बीएस४ आहे, त्याला डीपीएफची चिंता नाही, पण वाचणाऱ्यात बीएस६वाले असतील म्हणून लिहितो. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी जळायला ६०० अंशाच्या आसपास उष्णता लागते. ती एकसारख्या वेगात, मोठ्या रस्त्यावर मिळते. आम्ही आता दूध उतरवल्यावर रिकामी गाडी मुद्दाम हायवेने फिरवून आणतो, मध्ये बंद करत नाही. दिवा हटलाच नाही तर सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळून, करून घेतो. ऑइलही कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं, कमी राखेचं. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच बसून राहते.

पोकळ केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहेच. पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर लायसन्स तीन महिने निलंबित. दुधाची गाडी तीन महिने कोण चालवणार?

व्ही_क्रॉस_विजापूर_रोड
मी हौशी गटातला, आधीच सांगतो. डी-मॅक्स व्ही-क्रॉसला कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा पूर्ण पाइप एसएसमध्ये, सरळ आरपार मफलर, मोठा व्यास. ताकद वाढली का? नाही. टर्बो डिझेल आहे, आवाजाचे ठोके टर्बोतच बरेचसे मरतात, आणि सॉफ्टवेअर न बदलता मागचा पाइप रुंद केला म्हणून हाताला जाणवेल असं काही मिळत नाही. ॲव्हरेज होतं तेच. मिळाला तो जडसा आवाज. शहरात मस्त वाटतो. पुणे रोडला एकाच वेगात गाडी धरली की केबिनमध्ये घूंऽऽ सुरू होतं, बायको टेंभुर्णीलाच वैतागते. नंतर मध्ये एक रेझोनेटर, म्हणजे घुमणारा आवाज मारणारा डबा, टाकून घेतला, तेव्हा घरात शांतता झाली.

माल वाहायच्या गाडीला हे करू नका. तुमचा ड्रायव्हर दिवसभर ते ऐकणार आहे.

कडबावाला_मंगळवेढा
आवाज, ॲव्हरेज सगळं ठीक. उष्णतेबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितोय.

आमच्याकडे ज्वारी निघाली की कडब्याच्या खेपा. गाडी थेट रानात न्यावी लागते, खाली वाळलेली धाटं, पाचट, गवत. कंपनीच्या सायलेन्सरवर पाइप आणि बॉडीच्या मध्ये पातळ पत्र्याचं उष्णतारोधक कवच असतं. लोकल बसवताना फिटर ते काढतो, कारण त्याचे बोल्ट गंजून तुटलेले असतात आणि नव्या पाइपाला त्याच्या जागाच नसतात. "त्याचं काय काम नसतं मालक." काम असतं की! आमच्या शेजारच्याच्या गाडीखाली पाइपाला धाटांचा पुंजका अडकून धुमसायला लागला. वर कडबा भरलेला. वास आला म्हणून पोरं धावली, खालची धाटं ओढून काढली, घागरी ओतल्या. गाडी आणि वैरण दोन्ही वाचली.

मी लेथवाल्याकडून नवीन पाइपाला कान लावून घेतले आणि जुनंच कवच वॉशर टाकून परत बसवलं. फ्लोअर आणि पाइपात बोटभर तरी मोकळी जागा ठेवायला लावली. ब्रेकची नळी, वायरिंग आणि स्टेपनी पाइपाच्या किती जवळ येते तेही वाकून बघून घ्या. रानातून बाहेर पडलो की एकदा खाली वाकायचं, अडकलेलं ओढून टाकायचं.

धागाकर्ता
हे डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे गठड्यांचा कापूस-सूत वर असतो. कवचाचं बघतो.

सात_रस्ता
पासिंगचं विचारलंत. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी फिटनेस, पुढे दरवर्षी. मूळ जागी, मूळ घाटाचा, न गळणारा सायलेन्सर असेल तर कुणी ब्रँड विचारत नाही. आवाज फाटलेला असेल तर मात्र तपासणीतून परत पाठवतात. बीएस४ला पीयूसी वर्षाची असते. डिझेलला रेस करून धुराची घनता मोजतात. नवीन सायलेन्सर टाकल्याने धूर कमी होत नाही हे आधी डोक्यात घ्या, काळा धूर असेल तर एअर फिल्टर आणि डिझेल फवारणारं नोझल बघा.

रात्रपाळी
गळती केबिनजवळच्या जोडावर असेल तर चालढकल करू नका. आमच्या ड्रायव्हरला उमरग्याच्या पुढे डोकं जड व्हायचं, त्याला झोप वाटायची. इंजिनला लागूनच्या मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून धूर येत होता, जोडाभोवती काळी काजळी स्पष्ट दिसत होती. पॅकिंग बदललं, डोकं जड व्हायचं थांबलं. सकाळी गाडी थंड असताना चालू करून मागचं तोंड जाड फडक्याने जरा वेळ दाबा, कुठून फस्-फस् येतं ते लगेच कळतं. आणि गळकी गाडी चालू ठेवून केबिनमध्ये झोपणं तर अजिबातच नको.

धागाकर्ता
सगळ्यांचं वाचून असं ठरवतोय : पुढचा पाइप शाबूत आहे, तो राहू द्यायचा. मफलर आणि टेल पाइप ४०९मध्ये, कडी जुन्याच्या मापाने, कवच परत, नवी पॅकिंग आणि नवी हँगर रबरं. वेल्डिंग गाडीवरच करावं लागलं तर बॅटरीची वायर काढायला लावतो. काही राहिलं का?

जुना_मिस्त्री
यू-क्लँप आधी हलके आवळ, गाडी दहा मिनिटं चालवून तापव, थंड झाली की सगळं परत आवळ. आणि पुढेमागे कॅट असलेला पाइप बदलायची वेळ आली तर जुना दुकानात सोडून येऊ नकोस अण्णा. आत प्लॅटिनम-पॅलेडियम असतं, भंगारवाला त्याचे वेगळे पैसे देतो. फिटर "हे मी टाकून देतो" म्हणतो ना, तो टाकत नसतो.