पावसाळ्यातील उदासी आणि प्रखर प्रकाशाचा दिवा: कोकणात उपयोग होईल का?

सुरंगी (प्रश्न)

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका वाडीत राहते, वय 54, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेली चार-पाच वर्षे मृग लागून पंधरा दिवस झाले की माझे मन खचू लागते. आषाढात सकाळी अंथरुणातून उठवत नाही, नऊ-दहा तास झोपूनही अंग जड राहते, सारखे गोड किंवा भात खावासा वाटतो, आणि ज्या मुलांना शिकवण्यात माझे आयुष्य गेले त्यांच्यासमोर उभे राहणेही नकोसे होते. गणपती होऊन भात पिवळे पडू लागले, चांगले ऊन पडू लागले, की मी आपोआप पूर्वीसारखी होते. घरच्यांच्या मते हा पावसाळ्याचा कंटाळा आहे. मला तसे वाटत नाही. कंटाळलेला माणूस सोबत शोधतो, आणि मला तर शेजारीण पडवीच्या पायरीशी आली तरी आत निघून जावेसे वाटते.

आमचे घर कौलारू आहे. झड आत येऊ नये म्हणून आगोटीच्या वेळी, म्हणजे पावसाच्या तोंडावर, पडवीला झावळ्यांची झापे बांधली की ती सुटेपर्यंत माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो.

माझी मुलगी एडिंबरोला शिकते. गेल्या डिसेंबरात तिलाही असाच त्रास झाला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला हिवाळ्यातील नैराश्य म्हटले, आणि रोज सकाळी प्रखर प्रकाशाच्या दिव्यासमोर बसू लागल्यावर दोन आठवड्यांत तिला फरक पडला. चतुर्थीला येताना तो दिवा माझ्यासाठी घेऊन येते, असे ती म्हणते. ज्या प्रदेशात सूर्याला तोटा नाही तिथे अशा दिव्याचा उपयोग होतो का, आणि तो डॉक्टरांना न विचारता सुरू करणे योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कुडाळचा डॉक्टर

ताई, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की मलाही सविस्तर लिहावेसे वाटते. मी मनोविकारतज्ज्ञ आहे; पण रुग्णाला न पाहता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर माहिती म्हणूनच वाचावा.

ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे पहिले पद्धतशीर वर्णन नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतून 1984 साली प्रसिद्ध केले. रोझेंथल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, आणि उत्तर अमेरिकेत आल्यावर हिवाळ्यात स्वतःचीच उमेद ओसरते हे त्यांच्या लक्षात आले होते. त्याआधी 1980 मध्ये आल्फ्रेड ल्युई यांनी दाखवून दिले होते की माणसाच्या शरीरात रात्री स्रवणारे मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक पुरेशा प्रखर प्रकाशाने दबते, मात्र घरातल्या साध्या उजेडाने त्या प्रमाणात दबत नाही. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज प्रकाशाची निव्वळ नोंद घेणाऱ्या काही पेशी असतात आणि त्या मेंदूतील दैनिक घड्याळाला दिवस उजाडल्याचा निरोप देतात. हे 2002 च्या सुमारास स्पष्ट झाले. हिवाळ्यात पहाट उशिरा होते, निरोप उशिरा पोहोचतो, घड्याळ मागे सरकते आणि शरीर सकाळी नऊ वाजताही रात्रीतच राहते. या विकाराची ही एक प्रमुख उपपत्ती आहे, आणि सकाळचा प्रकाश संध्याकाळच्या प्रकाशापेक्षा अधिक गुणकारी का ठरतो हेही तिच्यातून समजते.

आता कोकणाविषयी. रत्नागिरी साधारण 17 अंश अक्षांशावर आहे. इथला सर्वांत लहान दिवसही 11 तासांचा असतो, तर एडिंबरोत डिसेंबरातला दिवस जेमतेम 7 तासांचा. आपला हिवाळा हा लखलखीत उन्हाचा ऋतू आहे आणि खरा अंधार आषाढ-श्रावणात असतो. त्यामुळे आपल्या लेकीचा आणि आपला त्रास एकाच कारणातून येत असणे शक्य आहे, पण ते गृहीत धरू नये, कारण या दिव्यावरचे बहुतेक संशोधन उत्तरेकडील हिवाळ्यावर झालेले आहे. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे उजेडच तेवढा कमी होत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, घरात पैसा कमी येतो, रस्ते खचतात, माणूस माणसाला भेटत नाही. अशा एकटेपणावर दिवा हे औषध नव्हे.

तरीही दिव्याविषयी मला आदर आहे. 2016 साली कॅनडातील संशोधकांनी ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्याच्या 122 रुग्णांचा आठ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सकाळी अर्धा तास प्रखर प्रकाश घेतलेल्यांना नकली उपचार घेतलेल्यांपेक्षा अधिक उतार पडला, आणि प्रकाशासोबत फ्लुओक्झेटिन हे नैराश्यावरचे औषध घेतलेल्यांना सर्वांत जास्त. दुसरीकडे, व्हरमाँट विद्यापीठात हिवाळी नैराश्याच्या 177 प्रौढांवर झालेल्या अभ्यासात, प्रकाश घेतलेल्यांपैकी सुमारे 46 टक्के लोकांना दोन हिवाळ्यांनंतर पुन्हा नैराश्य आले, तर विचार आणि वर्तन बदलण्याचे समुपदेशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 27 टक्के होते. दिवा त्या ऋतूपुरता आधार देतो. समुपदेशनात शिकलेले पुढच्या वर्षीही हाताशी राहते.

सुरू करण्यापूर्वी मात्र चार गोष्टी पाहाव्याच लागतील. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण थायरॉईड मंदावला तरी झोप, जडपणा आणि वजन अगदी असेच वाढते. मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल तर आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. आपण कोणती औषधे घेता ते सांगा. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधासाठी आपल्याकडे पावसाळ्यात दिली जाणारी डॉक्सिसायक्लीन त्वचेला प्रकाशाच्या बाबतीत हळवी करते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. उदासीचा काळ संपल्यावर कधी झोपेची गरजच न वाटणे, डोक्यात विचारांची गर्दी, अवाजवी उत्साह किंवा बेहिशेबी खर्च असे झाले होते का? तसे असेल तर देखरेखीशिवाय दिवा लावू नका. त्याने मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकते.

उत्तरवारा

ताई, मी मूळचा दापोलीचा. नोकरीनिमित्त सात वर्षे स्टॉकहोमला होतो आणि त्यांतील पाच हिवाळे या दिव्यासमोर बसलो, म्हणून वापरणाऱ्याचा अनुभव लिहितो.

दिव्याकडे टक लावून बघायचे नसते. तो समोर, थोडा बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवायचा आणि आपण चहा घ्यायचा, वर्तमानपत्र वाचायचे. डोळे उघडे आणि दिव्याच्या दिशेने असले म्हणजे झाले. 10,000 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) दिव्यासमोर अर्धा तास पुरतो. 2,500 लक्सचा असेल तर सुमारे दोन तास लागतात, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला ते जमत नाही. मी उठल्याबरोबर साडेसहाला बसत असे. पहिल्या वर्षी अधीर होऊन संध्याकाळीही बसलो, तेव्हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप येईना. पहिले तीन-चार दिवस कपाळ दुखले, डोळे चुरचुरले. वेळ पंधरा मिनिटांवर आणून हळूहळू वाढवल्यावर ते थांबले. मला पाचव्या-सहाव्या दिवसापासून सकाळ सोपी वाटू लागली, मनाची काजळी जायला मात्र दोन आठवडे लागले. बरे वाटले म्हणून जानेवारीत बंद केले, तर आठवड्याभरात पुन्हा तेच. तेव्हापासून वसंत येईपर्यंत एकही दिवस चुकवला नाही.

दीपमाळ

मी चिपळूणला दिव्यांचे आणि वायरिंगचे काम करतो. वैद्यकीय गोष्टीत पडत नाही, पण लक्स या शब्दाभोवती फसवणूक होते म्हणून लिहितो. लक्स म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश नव्हे, तर एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष पोहोचणारा प्रकाश. म्हणून ‘10,000 लक्स’ एवढेच लिहिलेल्या खोक्याला अर्थ नाही. ते किती सेंटिमीटरवर, हे लिहिलेले हवे. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट केले की प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो. हातभर लांब बसायचे असेल तर मोठ्या पृष्ठाचा दिवा हवा, आणि अतिनील किरण गाळले जातात अशी नोंदही हवी. जास्त वॅटचा बल्ब किंवा बांधकामावरचा झोतदिवा तोंडासमोर लावण्याचा प्रयोग कृपया कोणी करू नये. त्याची चकाकी डोळ्यांना अपाय करील.

तुलनेसाठी सांगतो. संध्याकाळी ट्यूबलाईट लावलेल्या आपल्या खोलीत साधारण 100 ते 300 लक्स असतात. ढगाळ पण पाऊस थांबलेल्या सकाळी उघड्यावर काही हजार लक्स सहज मिळतात, आणि स्वच्छ उन्हात लाखापर्यंत. म्हणजे ताई, आपली झापे बाहेर असलेला उजेड अडवत आहेत. पूर्वेकडची एक-दोन झापे काढून तिथे पारदर्शक पत्रा लावला आणि माजघरावर चार-सहा काचेची कौले बसवली, तर झडही अडेल आणि उजेडही येईल. विलायतेतला दिवा इथे चालेल, कारण तिथेही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच वीज असते. पिन मात्र वेगळी असल्याने जोडणी घ्यावी लागेल.

सुरंगी

सर्वांची मनापासून आभारी आहे. डॉक्टरांचा चौथा मुद्दा वाचून मी कालपासून अस्वस्थ आहे. दोन वर्षांपूर्वी नवरात्राच्या सुमारास आठ-दहा दिवस मी रात्री जेमतेम तीन तास झोपत होते, तरी थकवा नव्हता. त्या दिवसांत एकटीने सगळे घर रंगवले, पतपेढीतली ठेव मोडून शाळेसाठी पुस्तके घेतली, आणि मुख्याध्यापकांशी भांडले. तेव्हा सगळ्यांना आनंद झाला होता की ही पावसाळ्यातून बाहेर आली. मलाही तसेच वाटले होते. शिवाय लावणीला चिखलात उतरतो म्हणून आठवड्याची डॉक्सिसायक्लीनची गोळीही चालू आहे.

कुडाळचा डॉक्टर

ताई, हे लिहिलेत ते फार चांगले केले. यावरून घाबरून जाऊ नका, पण दिवा आत्ता सुरू करू नका. आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा आणि ते नवरात्रातले दहा दिवस जसे इथे लिहिलेत तसेच त्यांना सांगा. सोबत यजमानांना न्या, कारण त्या काळात काय झाले ते जवळच्या माणसाने बाहेरून अधिक स्पष्ट पाहिलेले असते. आपल्याला रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय फार दूर नाही. तिथे जाण्याचा संकोच वाटत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि जगणे नकोसे वाटण्याचा विचार कधी मनात आला तर त्याच क्षणी तिथे फोन करा.

दिव्याची वाट कायमची बंद झाली असे मात्र समजू नका. या उपचाराच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक जण अशाच दोन टोकांच्या (बायपोलर) आजाराचा होता. त्याने स्वतःच्या मनःस्थितीच्या वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या होत्या आणि त्या नोंदी घेऊनच तो संशोधकांकडे गेला होता. दोन टोकांच्या आजारातील नैराश्यावर, मन स्थिर ठेवणारे औषध चालू असताना, सकाळऐवजी दुपारी आणि पंधरा मिनिटांपासून वाढवत प्रकाश दिल्याचा 46 रुग्णांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात चांगला गुण दिसला. आपणही आजपासून एक वही घाला: किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, मन कसे होते आणि ऊन पडले होते की नाही.

सुरंगी

पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे, यजमान बरोबर येणार आहेत. मुलीला कळवले की दिवा आणायचा की नाही ते डॉक्टर सांगतील. आज सकाळी पूर्वेकडची दोन झापे उतरवली. झड थोडी आत आली, पण वहीतली पहिली नोंद मी दिवा न लावता लिहिली.